महापालिकेच्या सभेत आपल्याला बोलता येतं का? आणि नसेल तर आपला प्रश्न तिथे पोचवायचा कसा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचे दोन चेंबर आहेत, पाऊस जरा जोरात झाला की दोन्हीची झाकणं उचलली जायची आणि घाण पाणी सरळ तळमजल्यावरच्या घरांत शिरायचं. २०१९ च्या पावसाळ्यात हे तीनदा झालं. तळमजल्यावरच्या काकूंचा गव्हाचा डबा, गाद्या, नातवाची दप्तरं सगळं भिजलं, तेव्हा सोसायटीतल्या सगळ्यांनी ठरवलं की आता वॉर्ड ऑफिसला फोन करणं पुरे झालं, आपण थेट महापालिकेच्या सभेत जाऊन सांगायचं. सह्या गोळा केल्या, फोटो छापून घेतले आणि आम्ही वीसेक जण गेलो.

तिथे गेल्यावर कळलं की वर गॅलरीत बसायचं, फोन सायलेंट ठेवायचा आणि बोलायचं नाही. काकू मध्येच उभ्या राहिल्या, "अहो साहेब, आमचं ऐका जरा" म्हणाल्या, तर सुरक्षारक्षकाने येऊन त्यांना खाली बसायला सांगितलं. तो बिचारा नियमानेच वागत होता. थोड्या वेळाने एका माजी सदस्यांना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झाली आणि आम्ही फोटोंची पाकिटं तशीच घेऊन घरी आलो.

त्या दिवसापासून मी हा विषय समजून घ्यायला लागलो. कायदा वाचला, आमच्या ओळखीचे एक काका नगरसचिव कार्यालयातून (म्हणजे सभेचं कामकाज आणि कागद सांभाळणारं ऑफिस) रिटायर झालेत त्यांना शंभर प्रश्न विचारले, आणि जे कळलं ते इथे लिहितोय, कारण माझ्यासारखेच बरेच लोक त्या गॅलरीतून रिकाम्या हाताने परत येत असणार.

आधी मूळ गोष्ट. मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या सगळ्या महापालिका एका कायद्याने चालतात, तो म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, मूळचा १९४९ चा. मुंबईचा कायदा वेगळा आणि खूप जुना, १८८८ चा. नगरपालिका नगरपंचायतींचा अजून वेगळा, १९६५ चा. मी खाली जे सांगतोय ते १९४९ च्या कायद्याबद्दल आहे, पण साधारण ढाचा सगळीकडे सारखाच आहे.

सगळ्या नगरसेवकांची जी मोठी सभा होते तिला कागदावर सर्वसाधारण सभा म्हणतात, बोलताना कुठे महासभा म्हणतात, कुठे मुख्य सभा. ती महिन्यातून किमान एकदा घ्यावीच लागते. आणि ती लोकांसाठी खुली असते, म्हणजे तुम्ही जाऊन बसू शकता, ऐकू शकता, हा तुमचा हक्क आहे, सदस्यांनी बहुमताने ठरवलं तरच बंद दाराआड सभा घेता येते. पण खुली म्हणजे ऐकायला खुली. बोलायचा हक्क फक्त सदस्यांना, आणि उत्तर द्यायला आयुक्त आणि त्यांचे अधिकारी.

मला ही गोष्ट खूप लागली, कारण माझं बालपण गावात गेलंय आणि तिथे ग्रामसभा असते. ग्रामसभेत कुठलाही मतदार उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की हातपंप का बंद आहे, पैसे कुठे गेले. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असं कायद्यात आहे. तोच माणूस शहरात राहायला आला, घरपट्टी पाणीपट्टी भरायला लागला की त्याचा उभं राहून बोलायचा हक्क संपतो, हे मला आजही पटत नाही. परदेशात काही ठिकाणी शहरांतही हा हक्क आहे. माझी आतेबहीण कॅलिफोर्नियात असते, तिथल्या सिटी कौन्सिलच्या मीटिंगला कुणीही रहिवासी जाऊन माइकवर बोलू शकतो, दोन तीन मिनिटं मिळतात, विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि हे सगळं १९५३ च्या ब्राउन अ‍ॅक्ट नावाच्या राज्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे. ती एकदा शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगसाठी बोलून आली. म्हणजे शहर मोठं आहे म्हणून लोकांना बोलू देता येत नाही असं काही नाही.

बरं आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, तिने सांगितलं की ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या हव्यातच, म्हणजे कारभार लोकांच्या जवळ यावा. नंतर २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभा आणली, म्हणजे मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांची सभा, शहरातली ग्रामसभाच म्हणा ना. कल्पना अगदी योग्य. पण तुम्ही शेजारच्या दहा जणांना विचारून बघा तुमच्या क्षेत्रसभेला कधी गेला होतात का, बहुतेकांनी हा शब्दच ऐकलेला नसेल. कागदावर आलेली आणि गल्लीत न पोचलेली ही गोष्ट आहे आणि माझ्या मते शहरातल्या लोकांनी सगळ्यात जास्त आग्रह हिच्यासाठी धरायला हवा.

मग आत्ता, आहे त्या परिस्थितीत, काय करायचं?

पहिलं म्हणजे आपला प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते बघायचं. आम्ही इथेच चुकलो होतो. चेंबर तुंबणं, खड्डा, बंद दिवा, कचऱ्याची गाडी न येणं ही रोजच्या देखभालीची कामं आहेत, ती मोठ्या सभेत ठरत नाहीत, ती क्षेत्रीय कार्यालयात म्हणजे वॉर्ड ऑफिसात ठरतात. मोठ्या सभेत काय ठरतं, तर बजेट, करांचे दर, एखाद्या जागेचं आरक्षण बदलणं, मोठ्या योजना, रस्ता किती रुंद करायचा, जागा भाड्याने द्यायची का. टेंडरं मंजूर करणं हे स्थायी समितीचं काम, तिथे १६ सदस्य असतात आणि सगळ्या खर्चाची चावी त्यांच्याकडे असते. आणि प्रत्यक्ष काम करून घेणारे आयुक्त, ते राज्य सरकारने नेमलेले अधिकारी. महापौर सभा चालवतात, मान मोठा आहे, पण रस्ता दुरुस्त करा असा थेट हुकूम सोडायचा अधिकार कायद्याने त्यांच्याकडे फारसा नाही, त्यामुळे "महापौरांना भेटलो तरी काही झालं नाही" ही तक्रार जी लोक करतात तिच्यामागे हे कारण असतं.

आणि हो, त्याच्याही आधी रस्ता कुणाचा आहे ते विचारा. शहरातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, हायवेवाल्यांचा असू शकतो, एमआयडीसीचा असू शकतो. विजेची डीपी महावितरणची असते. चुकीच्या दारात सहा महिने उभं राहिलेली माणसं मी पाहिलीयेत.

आता मोठ्या सभेतच जायचा विषय असेल तर त्याचा रस्ता असा आहे की तुमचं म्हणणं नगरसेवकाच्या तोंडून यायला हवं, आणि ते नुसतं तोंडी नाही तर लेखी. कायद्याच्या कलम ४४ मध्ये नगरसेवकाला आयुक्तांना प्रश्न विचारायचा हक्क दिलाय, अट एकच मोठी, प्रश्न सात पूर्ण दिवस आधी लेखी नगरसचिवांकडे द्यायचा. हे सात दिवस म्हणजे सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली आहे. आपण काय करतो, सभा उद्या आहे असं कळलं की आदल्या रात्री नगरसेवकाकडे जातो, भाऊ उद्या आमचा विषय काढा म्हणतो, तो हो म्हणतो, आणि सभेत तो विषय काढतोही कधी कधी, पण त्याला उत्तर द्यायला प्रशासन बांधील राहत नाही, "माहिती घेऊन सांगतो" एवढंच होतं. तेच लेखी प्रश्न गेला तर खात्याला कागद काढून उत्तर तयार करावं लागतं, छापील उत्तर येतं, आणि ते उत्तर तुमच्या हातात पुढच्या भांडणाचा पुरावा म्हणून राहतं.

रिटायर झालेले काका म्हणाले, "अरे, प्रश्न असा लिही की हो नाही करून सुटता येणार नाही." म्हणजे "आमच्या भागात ड्रेनेजची समस्या आहे हे खरे आहे काय" असं नाही विचारायचं. असं विचारायचं की अमुक रस्त्यावरच्या अमुक चेंबरपासून अमुक चेंबरपर्यंतच्या लाइनचा व्यास किती इंची आहे, ती कधी टाकली, तेव्हा किती घरं होती आणि आत्ता किती नळजोड आहेत, मागच्या तीन वर्षांत ती किती वेळा साफ केली आणि त्यावर किती खर्च झाला, पावसाळी लाइन तिला कुठे जोडलेली आहे का, आणि यंदाच्या बजेटात ती बदलण्यासाठी कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या नावाखाली, तरतूद आहे. आमचा प्रश्न आम्ही असाच लिहून आमच्या नगरसेविका ताईंना दिला. त्यांनी तो त्यांच्या लेटरहेडवर घालून दिला. उत्तर आलं तेव्हा कळलं की लाइन टाकली तेव्हा तिथे बैठी घरं होती, आता सात सात मजल्यांच्या इमारती आहेत, लाइन तीच. आणि पावसाचं पाणी वाहून नेणारी पाइप वरच्या कोपऱ्यावर कुणीतरी कधीतरी या ड्रेनेजलाच जोडून टाकलेली. तीन पावसाळे आम्ही नुसतं "चेंबर साफ करा" म्हणत होतो, खरं दुखणं वेगळंच होतं.

प्रभाग समितीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो कारण सामान्य माणसासाठी सगळ्यात कामाची जागा हीच आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती असते. ही त्या भागातल्या नगरसेवकांची समिती, वॉर्ड ऑफिसर सोबत असतो, आणि नोंदणीकृत सामाजिक संस्थांमधले जास्तीत जास्त तीन सदस्य नगरसेवक त्यात नेमू शकतात. कायद्याच्या कलम २९ अ मध्ये तिची कामं लिहिलीयेत आणि त्यातलं पहिलंच काम आहे पाणीपुरवठा, ड्रेनेज, साफसफाई, पावसाळी पाण्याचा निचरा अशा रोजच्या सेवांबद्दलच्या नागरिकांच्या तक्रारी लवकर सोडवणं. परत वाचा. हे आपल्यावर उपकार म्हणून नाही, समिती त्याच्यासाठीच बनवलीये. शिवाय आपल्या भागातल्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणं आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना तिथल्या तिथे मंजुरी देणं हेही तिच्याकडे आहे.

तिथेही बोलायचा हक्क तुम्हाला कायद्याने लिहून दिलेला नाही, पण बैठक छोटी असते, एका टेबलाभोवती वीस पंचवीस माणसं, आणि अध्यक्षांना आधी पत्र देऊन विनंती केली तर बरेचदा बोलू देतात. आमचं तसंच झालं. काकूंना बोलायला दिलं. त्यांनी भाषण केलं नाही, त्यांनी घराच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली होती तिच्याशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो दाखवला, "माझा नातू इथे खाली गादीवर झोपतो" एवढंच म्हणाल्या. ज्युनिअर इंजिनिअरने तिथेच सांगितलं की जोडणी तोडून पावसाळी लाइन वेगळी करायला लागेल, एस्टिमेट करतो. आणि वॉर्ड ऑफिसरने ते इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, लिहून घेतलं. हे इतिवृत्त फार महत्त्वाचं, बैठकीत काय बोललं गेलं ते विसरलं जातं, इतिवृत्तात आलं ते राहतं, म्हणून बैठक संपली की पुढच्या आठवड्यात जाऊन त्याची प्रत मागायची.

पैशाचं पण समजून घ्यायला हवं कारण अर्ध्या वेळा काम अडतं ते इच्छा नाही म्हणून नाही, तर त्या हेडखाली तरतूद नाही म्हणून. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आणि बजेट त्याच्या आधी काही महिने बनायला लागतं. म्हणजे जूनमध्ये घरात पाणी शिरल्यावर नवीन लाइन मागितली तर उत्तर येणार की यंदा तरतूद नाही. मग वर्गीकरण करावं लागतं, म्हणजे दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवायचे, त्याला मंजुऱ्या लागतात. म्हणून पावसाळ्यातलं दुखणं पावसाळा संपता संपता, सप्टेंबर ऑक्टोबरात लेखी मागायचं. पुण्यात यासाठी एक चांगली पद्धत आहे, २००६-०७ च्या बजेटापासून नागरिकांकडून थेट कामं मागवतात, सहभागी अंदाजपत्रक म्हणतात त्याला, साधा अर्ज असतो, ५ लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, फुटपाथ, बस स्टॉप, बाकडी, दिवे, सार्वजनिक स्वच्छतागृह अशी. प्रत्येक शहराने हे करायला काय हरकत आहे? बाकी ठिकाणच्या लोकांनी आपल्या नगरसेवकांकडे ही मागणी लावून धरायला हवी असं मला मनापासून वाटतं.

काही विषय असे असतात जिथे कायदा स्वतःच म्हणतो की लोकांना विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि तिथे तुम्हाला कुणाच्या तोंडून बोलायची गरज नाही. विकास आराखडा हा त्यातला सगळ्यात मोठा. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती सूचना द्यायला मुदत असते आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते, समोरासमोर. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये जाहीर झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, विचार करा किती घरांनी कागद भरून दिले असतील. पुढे वेळेत पूर्ण झाला नाही म्हणून मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा स्वतःकडे घेतला, ते वेगळं रामायण, पण एवढ्या लोकांचं म्हणणं रेकॉर्डवर आलं. झाडांचं पण तसंच, १९७५ चा वृक्ष कायदा आहे, झाड तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लावावी लागते, पेपरात द्यावी लागते, आणि हरकत घ्यायला ७ दिवस मिळतात. म्हणून रस्त्यावरच्या झाडावर कागद चिकटवलेला दिसला तर उभं राहून वाचा, आणि त्या दिवसापासून मोजा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे आयुक्तांसमोर आपलं वैयक्तिक गाऱ्हाणं मांडता येतं, पण अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, कोर्टात चाललेली प्रकरणं घेत नाहीत. आणि दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात सरकारी कार्यालयात फाइली बघता येतात, फुकट, हे पुणे महापालिकेत आधी सुरू झालं आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने इतर ठिकाणीही लागू केलं. माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबण्याआधी एकदा सोमवारी जाऊन फाइल बघायला मागा, बरेचदा काम तिथेच कळतं की कुठल्या टेबलावर अडलंय.

निवेदन लिहिताना लोक चार चार पानं लिहितात, आम्हीही लिहिली होती. एक पान पुरे. जागा नेमकी, विजेच्या खांबावर नंबर असतो तो टाका म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. मागणी एकच. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन यायचं, शिक्का नसेल तर ते निवेदन दिलंच नाही असं समजा. पुढच्या प्रत्येक पत्रात तो आवक नंबर आणि तारीख लिहायची. आमच्या फाइलमध्ये असे अकरा शिक्के जमले होते.

मध्ये जवळजवळ चार वर्षं यातले बरेच दरवाजे बंदच होते हेही सांगायला हवं. मुंबई, पुणे, नागपूर सगळ्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात अडकल्या, आणि आयुक्तच प्रशासक झाले. नगरसेवक नाहीत म्हणजे लेखी प्रश्न नाही, प्रभाग समिती नाही, सर्वसाधारण सभेचे ठराव सुद्धा प्रशासकच करणार. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्या चार वर्षांत मतदार झालेल्या मुलामुलींनी चालू सभागृह कधी बघितलंच नव्हतं. आता नगरसेवक आहेत, बहुतेक शहरांत एका प्रभागात चार चार आहेत, म्हणजे तुमचा प्रश्न घेऊन जायला चार दारं आहेत, एकाने टाळलं तर दुसऱ्याकडे जा, पक्ष बघू नका, लेखी प्रश्न सगळ्यांचा सारख्याच किमतीचा असतो.

आमच्या लाइनचं काय झालं ते सांगतो. एस्टिमेट झालं, बजेटात तरतूद आली, वर्क ऑर्डर निघाली आणि लॉकडाऊन लागलं. वर्षभर काहीच नाही. मग परत शिक्के, परत फेऱ्या, आणि २०२१ च्या मे महिन्यात रस्ता खोदला. पावसाळी पाइप वेगळी झाली, ड्रेनेजची लाइन मोठी झाली. त्या जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री दोन वाजता आम्ही पाच सहा जण छत्र्या घेऊन चेंबरपाशी उभे होतो, झाकणं जागेवरच होती. काकूंनी दार उघडून विचारलं, "आलं का रे वर?" नाही म्हटल्यावर त्यांनी गादी परत खाली घातली.